डुगडुगत्या धोंड्याचा कल

साहेबाचा लाडका काय चीज असते, ते मले विचारा! चांद्याच्या जंगलात मी अन् वामन सर्व्हेवर होतो. खडकाच्या थरांचा कल मोजायचं नवंकोरं पितळी यंत्र साहेबानं वामनले देलं, मले जुनं. मी नुसता जळून राह्यलो होतो.

एक दिवस वामन वरडला, "साहेब, इथी थर उलटे कलले!"

साहेब खूश. पाहाले वामननं मोजलेल्या खडकावर चढले, तं खडकच डुगडुगला! डोंगरावरून घरंगळलेला धोंडा तो. त्याचा कल मोजून काय फायदा?

मले तं उकळ्याच फुटल्या. म्हटलं, "साहेब, आता तरी यंत्र मले द्या."

साहेब म्हणाले, "तुला? तू तर रोज याच धोंड्यावर बसून डबा खातोस, तरी तो डुगडुगतो हे तुला कळलं नाही!"