जुना ब्रेक विरुद्ध भूलचूक

लेक : सिग्नल लाल आहे, बाबा.

वडील : दिसतोय मला. म्हणूनच थांबलोय. तू तेवढा तिचा शेवटचा निरोप वाच परत.

लेक : कितव्यांदा वाचू?

वडील : वाच गं. मजा येते.

लेक : ‘आदरणीय जुना ब्रेक, उद्या सकाळी चाचणी केंद्राच्या दारात भेटू. माझ्या हातात हिरवी छत्री असेल, आभाळ असो वा नसो. आपली, भूलचूक.’

वडील : बघ. आभाळ नाही तरी छत्री. असली माणसं भांडायला फार बरी असतात. शब्दाला पक्की.

लेक : तुम्ही परीक्षेला निघालाय की लग्नाला? इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश.

वडील : दाढी केली की नटलो वाटतं? आज केवढी माणसं निकालाची वाट बघताहेत, माहितीये का तुला?

लेक : तेच तर माहिती नाही. आईने फोनवर एवढंच सांगितलं, की तुझा बाप एका अनोळखी बाईशी पैज लावून बसलाय, सुट्टी काढून ये. पोहण्याची सकाळची बॅच दुसरीच्या गळ्यात मारून आलेय मी. आता पहिल्यापासून सांगा. आणि गाडी जरा डावीकडे घ्या.

वडील : घेतली. तर काय झालं, पेपरच्या साइटवर बातमी आली. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने गाडी चालवायची चाचणी पुन्हा द्यायची, असा नियम आणायचा म्हणताहेत. खाली लोकांची मतं मागवली होती. मी ‘जुना ब्रेक’ या नावाने लिहिलं, ‘म्हाताऱ्यांना घरात कोंडायची ही सरकारी युक्ती आहे.’ धडाधड अंगठे पडले त्याला.

लेक : मग?

वडील : मग ही ‘भूलचूक’ उगवली. म्हणाली, ‘घरात बसलेला म्हातारा परवडला, फुटपाथवर चढलेला नाही.’

लेक : चांगलं लिहिलंय.

वडील : तू कुणाच्या बाजूने आहेस?

लेक : सध्या तुमच्या बाजूच्या सीटवर आहे. त्यामुळे रस्त्याकडे बघा.

वडील : बघतोय. मी तिला लिहिलं, ‘आधी मिसरूड फुटू द्या, मग वडीलधाऱ्यांना अक्कल शिकवा.’ तिचं उत्तर आलं, ‘मिसरूड फुटायची शक्यता कमी आहे. मी बाई आहे आणि मला त्र्याहत्तरावं चालू आहे.’

लेक : अरे देवा.

वडील : अख्खं गाव हसलं मला. पण मी हार मानतोय होय? बंदरावर क्रेन चालवण्यात आयुष्य गेलं माझं. एक खोका कधी वाकडा ठेवला नाही. मी लिहिलं, ‘आम्हाला चाचणीची भीती नाही, चाचणीमागच्या हेतूची आहे. आमच्या वस्तीत बस येत नाही. परवाना काढून घेतला तर माणसाने दवाखान्यात जायचं कसं, उडत?’ ती म्हणे, ‘बसचा प्रश्न वेगळा, नजरेचा प्रश्न वेगळा.’ मी म्हटलं, ‘ज्यांच्या दारात बस थांबते त्यांना असंच वाटतं.’ रोज सकाळी चहा झाला की मी आधी तिचं उत्तर बघायचो. कधी कधी तर चहाच्या आधी.

लेक : आईला माहिती होतं हे?

वडील : ती म्हणाली, इतकं माझ्याशी बोलला असतात तर सोनं झालं असतं.

लेक : आणि पैज कुणाच्या डोक्यातून निघाली?

वडील : मधेच एक टोणगा उपटला. ‘नुसतं काय भांडता, दोघंही जाऊन चाचणी द्या की.’ मग सगळेच मागे लागले. आणि तिने शांतपणे विचारलं, ‘भीती नाही म्हणता, मग यायला हरकत काय?’ त्यावर मी ‘येतो’ लिहून मोकळा झालो, ठकू. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं ऐकलं.

लेक : बाबा, तुम्ही आपणहून चाचणी द्यायला गेलात आणि नापास झालात, तर परवाना तिथल्या तिथे जमा होतो. हे वाचलंत ना?

वडील : वाचलं.

लेक : आणि तरी चाललाय?

वडील : तुझी आई माझ्या गाडीत बसत नाही हल्ली.

लेक : ती म्हणते, चालणं तब्येतीला बरं.

वडील : भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन कोण तब्येतीसाठी चालतं? गेटचा खांब घासला तेव्हापासून बसत नाही. बोलत नाही काही, पण बसत नाही. आणि तू दर वेळी येतेस आणि म्हणतेस, ‘बाबा, आज मी चालवते, मला सराव हवाय.’ किती वर्षांचा सराव राहिलाय गं तुझा?

लेक : बाबा...

वडील : रागावलो नाहीये मी. तुम्ही माझी माणसं. तुम्हाला खरं बोलवत नाही. ती परकी आहे, ती तोंडावर बोलते. म्हटलं, एकदा परक्यांकडूनच कळू दे. आलं केंद्र. ती बघ, ती बघ हिरवी छत्री. उभीये कशी, झेंडा रोवल्यासारखी.

लेक : आधी गाडी नीट लावा, मग बघा.

(चाचणी केंद्राबाहेरचं सिमेंटचं बाकडं. ऊन चांगलं वर आलं आहे.)

वडील : पास. ठकू, पास. रिव्हर्समध्ये एकदा चाक पट्टीला लागलं, त्याचे गुण कापले. पण अचानक ब्रेक मारायला लावला ना, तिथे तो तपासनीस म्हणाला, ‘काका, तिशीतली पोरं पण इतक्या लवकर मारत नाहीत.’ असं म्हणाला. नजर ठीक, कान ठीक. आईला फोन लाव. नको, थांब, मीच लावतो. नको, घरी जाऊन सांगू, तिचा चेहरा बघायचाय मला.

लेक : बाबा, बसा आधी. पाणी प्या.

वडील : पितो, पितो. तुझे डोळे का भरलेत?

लेक : काही नाही. मी अर्धी तयारी करून आले होते. परत जाताना गाडीत तुमच्याशी काय बोलायचं, त्याची.

वडील : मी पण. तीच तयारी. ती कुठेय? आत माझ्या पुढेच होती रांगेत. आता तिला विचारतो, कोण फुटपाथवर चढलंय. फोन बघ कसा गुरगुरतोय, सगळे विचारताहेत, ‘काय झालं, काय झालं’.

लेक : त्या येताहेत. बाबा, जरा हळू घ्या. चेहरा बघा त्यांचा.

डॉक्टर : अभिनंदन, जुना ब्रेक. आतमध्ये ऐकलं मी. तुमचा आवाज भिंतीपलीकडे येत होता.

वडील : बसा बसा. ही माझी लेक. पोहायला शिकवते. आणि ह्या आमच्या... नाव काय लावू तुमचं, भूलचूकच म्हणू का?

डॉक्टर : म्हणा की. जन्मभर भूल दिली मी लोकांना ऑपरेशनच्या आधी. कुणाला तपासल्याशिवाय झोपवलं नाही. नाव तिथूनच सुचलं.

वडील : असं होय. मी समजत होतो, हिशेबात ‘भूलचूक देणेघेणे’ लिहितात, त्यातलं. मग डॉक्टर, तुमचा निकाल?

डॉक्टर : परवाना आत ठेवून आले.

वडील : म्हणजे? सहीसाठी?

डॉक्टर : नाही. जमा केला. मी नापास झाले.

वडील : चेष्टा करताय. आत्ता मी पाहिलं तुम्हाला मैदानावर. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी फिरवली तुम्ही.

डॉक्टर : मैदानावर पैकीच्या पैकी. नजरेत गेले. ते घुमटासारखं यंत्र आहे ना, मध्ये बघत राहायचं आणि कडेला दिवा लागला की बटण दाबायचं, तिथे. झाल्यावर मी त्या मुलीला म्हणाले, ‘अगं, तुझ्या यंत्रात बिघाड आहे, डावीकडचे दिवे लागलेच नाहीत.’ ती हळूच म्हणाली, ‘लागले होते, आजी.’

लेक : तुम्हाला आधी कधी जाणवलं नाही?

डॉक्टर : नाही. बहुतेक काचबिंदू, तो असाच येतो, पाय न वाजवता. दुखत नाही, खुपत नाही. जे दिसत नाही, ते दिसत नाही हेच कळत नाही माणसाला. दुसऱ्याला मी हे हजारदा सांगितलं असतं.

वडील : आता पुढे काय?

डॉक्टर : उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं थेंबांवर टिकतं. वेळेवर कळलं म्हणायचं. जिंकलात तुम्ही. लिहा तिकडे.

वडील : मी नाही लिहीत.

डॉक्टर : ठरलं होतं आपलं. निकाल काहीही लागो, खरा लिहायचा.

वडील : मला तुमच्याशी भांडायचं होतं. तुम्हाला हरवायचं नव्हतं असलं.

डॉक्टर : मी कुठे हरलेय? माझं म्हणणं काय होतं, चाचणी घ्या, आपल्याला दिसत नसलेलं दिसतं. आज चाचणी नसती तर मी आत्ता मजेत गाडी चालवत घरी निघाले असते. डावीकडून एखादं पोर आलं असतं सायकलवर.

लेक : बाबा, त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

वडील : बरोबर आहे ते मलाही कळतंय. तेच गिळवत नाहीये. बरं, तुम्ही आलात कशा?

डॉक्टर : गाडीने. ती काय, ती पांढरी.

वडील : आणि जाणार कशा?

डॉक्टर : तेच उभी राहून बघत होते आत भिंतीवरच्या नकाशात. आमच्याकडची बस कारखान्याच्या फाटकापर्यंतच जाते. तिथून पुढे रस्त्याला फुटपाथ नाही, दिवा नाही, सावली नाही. इतकी वर्षं त्या रस्त्यावरून गेले, पण तिथे माणसाला चालता येत नाही हे काही ध्यानात आलं नव्हतं. बसचा प्रश्न वेगळा नाही हो, जुना ब्रेक. तुम्ही म्हणत होतात तेच खरं.

वडील : मी आता उलटं लिहिणार होतो. नियम झालाच पाहिजे असं.

डॉक्टर : लिहा. पण त्याच्याखाली बस लिहा.

वडील : खाली कशाला? वर लिहितो. आधी बस, मग नियम.

डॉक्टर : आधी बस म्हटलंत तर बसही येणार नाही आणि नियमही. दहा वर्षं जातील. दोन्ही बरोबर.

वडील : बरोबर म्हटलं की ते सोपं तेवढं करतात. कागदावर नियम काढायला काय लागतं? बस काढायला बस लागते.

डॉक्टर : मग असं लिहा, ज्याचा परवाना जमा होईल, त्याच्या वस्तीपर्यंत बस नेणं बंधनकारक.

वडील : हे चांगलंय. हे भलतंच चांगलंय. ठकू, घे लिहून. ‘ज्या वस्तीतल्या माणसाचा परवाना...’

लेक : थांबा, दोघंही एकदम बोलू नका. आणि वर निकाल आधी लिहायचा ना?

डॉक्टर : हो. ‘जुना ब्रेक पास, भूलचूक नापास, आणि दोघांचंही मत बदललं.’

वडील : दोघांचंही पूर्ण बदललं नाही. अर्धं अर्धं.

डॉक्टर : माझं पाऊण बदललंय.

वडील : मग माझंही पाऊण लिही. मी काय मागे राहतोय.

लेक : ‘दोघांचंही मत पाऊण बदललं.’ झालं. टाकू?

डॉक्टर : टाक. आता तो टोणगा काय म्हणतो बघू.

लेक : आला लगेच. विचारतोय, ‘म्हणजे नक्की जिंकलं कोण?’

वडील : त्याला म्हणावं, तू सत्तरीचा झालास की सांगतो.

लेक : दुसऱ्या एका बाईंनी लिहिलंय. ‘माझ्या आईला उद्याच घेऊन जाते चाचणीला. तिला सांगायचा धीर होत नव्हता.’

डॉक्टर : परत वाच ते.

लेक : ‘तिला सांगायचा धीर होत नव्हता.’

वडील : हं.

डॉक्टर : चला. सावली सरकली इथली. माझ्या गाडीचं काय करायचं ते बघू.

लेक : तुमची गाडी मी आणते मागोमाग. तुम्ही माझ्या शेजारी बसा किंवा बाबांच्या गाडीत, जसं तुम्हाला वाटेल तसं. मी सावकाश चालवते.

डॉक्टर : तुझी चाचणी शेवटची कधी झाली?

लेक : परवाना काढला तेव्हा. कॉलेजात होते.

डॉक्टर : मग मी यांच्याच गाडीत बसते. यांची आत्ताच झालीये.

वडील : ऐकलंस ठकू? आईला हे शब्दाला शब्द सांगायचं. या डॉक्टर, दार जरा घट्ट आहे, ओढा. पट्टा लावा. मला तुमच्याकडचा रस्ता माहिती नाही, सांगत चला.

डॉक्टर : उजवीकडचं मी सांगते. डावीकडचं तुम्ही बघा.