अर्वोचा धक्का

चर्चमधलं रविवारचं गायन-प्रवचन ऐकून मी थेट नेमबाजीच्या परीक्षेच्या रांगेत उभा राहिलो. आमच्या फिनलंडात ती पास झाल्याशिवाय मूस हरणाच्या शिकारीला जाता येत नाही, आणि हा यंदाचा शेवटचा दिवस. माझ्यापुढे यंदा दोनदा नापास झालेला म्हातारा अर्वो आणि त्याची धाकटी बहीण हिल्का.

“दादा, तुझी बंदूक खांद्याला लाथा घालते. माझी घे.”

“तुझी? तिच्या काडतुसानं मूस फार तर शिंकेल.”

“आजोबांनी त्याच काडतुसावर घर पोसलं. गोळी फुप्फुसात गेली की झालं.”

“माझ्या गोळीनं मूस जागेवर बसतो.”

“बसायचा. गेल्या वर्षीचा तीन पायांवर पळाला.”

“वारा होता.”

“वारा कसला! धक्क्याला भितोस तू.”

“मी? जन्मभर खातोय धक्के!”

“मग मार सरावाची एक. आण, मी भरून देते.”

अर्वोने बाजूच्या सरावाच्या लक्ष्यावर नेम धरून चाप ओढला. नुसतं ‘टक्’ झालं. बार उडालाच नाही, तरी नळी झटक्यात खाली गेली आणि त्याचे डोळे गच्च मिटले.

“काय भरलंस गं?”

“आधीच उडवलेलं, रिकामं काडतूस.”

त्याने ते काडतूस काढून हातात घेतलं.

“हिल्का, तो मूस फार तडफडला असेल ना?”

“देवाला ठाऊक, दादा.”

आतून अर्वोचं नाव पुकारलं. त्याने आपली बंदूक भिंतीला टेकवली.

“तुझ्या बंदुकीची गोळी कुठे पडते? नेमाच्या वर की खाली?”