गवरीच्या ताटातली चिंबोरी

न्हाय, पण मला सांगा, गवरीनं काय खायचं ते पण आता क्लासमध्ये शिकायचं? तुम्हाला सांगते, आमच्या थळ गावात गवर येते ती माहेराला येते. कुणाकडे मटण, कुणाकडे कोलंबी, ज्या घराची जी रीत. आमच्या घराची चिंबोरी, म्हणजे तुमचा खेकडा हो. सासूबाईंच्या सासूपासून! आमची गवर चिंबोरी खाते, विषय संपला!

पण संपला कुठे? आमचा अल्पेश, माझा पोरगा, नोकरीला नवी मुंबईत, तिथे म्हणे रविवारचा क्लास लावलाय. कसला? तर हिंदू धर्माची मूळ तत्त्वं! अरे, तू पोटात असताना मी संकष्ट्या धरल्या त्या काय बिनतत्त्वाच्या होत्या? घरात पाऊल टाकलं न्हाय, पाठीवरची बॅग उतरवली न्हाय, आणि सुरू, हे असं नाकातून, “आई, नैवेद्य सात्त्विकच हवा. अहिंसा हे मूळ तत्त्व आहे.” मी म्हटलं, आधी पाय धू!

पाय धुतले आणि परत तेच. “आई, प्रत्येक जिवात आत्मा असतो.” असतो ना! चिंबोरीत तर असतोच असतो, न्हायतर गेल्या साली नांगीत माझी करंगळी अशी कचकन धरली असती का तिने? “आणि पुनर्जन्म? ती चिंबोरी मागच्या जन्मी आपलंच कुणी माणूस असेल!” असू दे की! सासूबाई असतील तर उलट खूश होतील, बाईंचं शेवटचं बोलणं “कालवणात मीठ कमी हाय” हेच होतं! “आई, कर्माचं फळ मिळतं!” मिळणारच, म्हटलं, ताट वाढलं की मिळेल!

मग मात्र मी चिडले हो. खरं सांगते, चिडले. आमची प्रणाली, अल्पेशची बहीण, माळकऱ्यांच्या घरात दिली. माणसं चांगली, पण मासळीचं नाव न्हाय. वर्षातून एकदा येते, चपला काढता काढताच विचारते, “आई, काय केलंस?” आणि वास आला की अशी हसते पोर... त्या हसण्यासाठी मी भर उन्हात बाजार पालथा घालते. मग गवर कोण हो? तीच ना, दुसऱ्याच्या घरी दिलेली लेक? वर्षानं आलेल्या लेकीला वरण-भात वाढू, नि काय सांगू, बये, तुझ्या भावानं क्लास लावलाय? लेकीला तिच्या आवडीचं जेवू घालायचं, हा माझा धर्म! तुझा तू वहीत ठेव. आमची गवर चिंबोरी खाते!

तडक गेले रंगू मासेवालीकडे. सणाचा दिवस, टोपलीच्या तळाशी दोनच उरलेल्या, पण काय भरलेल्या! सकाळपासून माझा उपास, तो त्याच प्रसादावर सोडायचा. वाटप घालून कालवण केलं, दोन्ही वाढून ताट गवरीपुढे ठेवलं. आता शेजारी गणपती बसलेला, तो सोवळ्यातला, त्याला मोदक आणि वरण-भात. म्हणून मध्ये पडदा धरायचा, माझं जुनं लुगडं. आई जेवते ते लेकाला दिसू नये ना! आणि बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, देवाला निवांत जेवू द्यायचं. पडदा धरणार कोण? अल्पेश बोलला, “मी खाणार नाही, पण पडदा धरतो. तटस्थपणे.” म्हटलं, हो बाबा तटस्थ!

मी दाराबाहेर. आणि तुम्हाला सांगते, आतून आवाज... कट्... कट्... अंगावर काटा! माझी गवर जेवते! डोळे भरून आले, हात जोडले, म्हटलं, सासूबाई, बघताय ना?

दार लोटलं... लुगडं खुंटीला! ताटात नुसती कवचं! आणि आमचा तटस्थ बोटं चाटतोय!

“आई, हे अद्वैत आहे. खाणारा, खाल्लेलं, गवर, सगळं एकच ब्रह्म. मी खाल्लं म्हणजे तूच खाल्लंस.”

“मग माझं पोट रिकामं का रे?”

“ते पुढच्या रविवारी शिकवणारेत.”

असो. जिंकले मीच! आमची गवर चिंबोरी खाते, आता तोही न्हाय म्हणायचा न्हाय. फक्त उपास मी गणपतीपुढच्या वरण-भातावर सोडला... क्लास लावला त्यानं, आणि घरात सात्त्विक जेवली कोण? एकटी मी!