पाखरी बसली नव्हती

नाही नाना, सकाळी ‘झालं ते झालं’ म्हणत तुम्ही ओट्यावरून उठून गेलात, पण माझं बोलणं तिथं संपलं नव्हतं. उरलेलं इथं बोलतो.

आजच्या सभेचे अध्यक्ष, वडीलधारे चुडामण आबा, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, धरणगाव स्टेशनचे समस्त टांगेवाले बांधव आणि उजव्या अंगाला बसलेल्या माता-भगिनींनो, सर्वांना माझा रामराम. मी वना. सत्कारमूर्ती लोटन नानांचा पुतण्या. कराचीच्या बंदरात गोण्या उतरवतो. शाळा तिसरीतच सुटली, तेव्हा बोलण्यात खडे लागले तर घासातल्यासारखे बाजूला काढा. घरचा माणूस म्हणून आबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. आबा, तुम्ही दोन म्हणालात. मला एकाच शब्दाविषयी बोलायचं आहे.

टांगा माझ्या वडिलांचा. घोडीही त्यांचीच, पाखरी. वडील गेले, मी परमुलखात गेलो, आणि लगाम नानांच्या हाती आला. नानांचा हात हलका, हे मी कुठंही सांगेन. चाबूक त्यांनी माश्या हाकण्यापुरताच बाळगला. उन्हाळ्यात आधी तिला पाणी पाजलं, मग स्वतः प्यायले. आता मोटारी आल्या, सवारी तुटली, नाना टांगा सोडताहेत. मघाशी मानपत्रात वाचलं गेलं, ‘मुक्या जनावराची अखेरपर्यंत सेवा केली.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या. पण अखेर म्हणजे कोणती हो?

टांगेवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. घोडं उभ्यानं डुलकी घेतं. आडवं झालं तरी आपलं आपण उठतं. ज्या दिवशी चौघांनी उठवूनही उठेना, त्या दिवशी आपल्यात म्हणतात, घोडी बसली. मग पुढचं कोणी विचारत नाही. गुरांच्या डॉक्टरला बोलावणं जातं. दिवाळी करून आमच्या गल्लीतला अभिमन कराचीला परतला आणि धक्क्यावरच मला बाजूला घेऊन म्हणाला, “वना, नानानी सांगेल शे, घोडी बसनी.”

पाठीवरची गोणी मी खाली टाकली. मुकादम ओरडला, “कोण मेलं रे?” घोडी म्हटलं असतं तर हसला असता. म्हणालो, “घरचं माणूस.” आणि येणाऱ्या माणसाबरोबर मी उलट निरोप धाडला, की तिचे हाल करू नका, डॉक्टरला सांगून सोडवा तिला.

परवा मी पिंप्राळ्याला बहिणीकडे, ताईबाईकडे निघालो होतो. वाटेत वीटभट्टी लागते. तिथं एक घोडी पाठीवर विटा घेऊन उभी. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, आमच्या पाखरीच्या होतं तसंच. वडील करायचे तसा मी जिभेनं टचकारा दिला. तिनं कान फिरवला. अध्यक्षमहाराज, मेलेली घोडी कान फिरवते का?

आज सकाळी नानांना विचारलं. नाना काय म्हणाले? “मी खोटं कोठे बोलनू? बसनी व्हती ना. निंबना सावलीमा बसनी व्हती.”

“मग?”

“मंग उठनी, तं इकी टाकी.”

उठली, तर विकून टाकली! हसलात? हसा. नानांचा विनोद गावाला ठाऊक आहे. पण नाना, म्हातारी घोडी सावलीत निवांत अंग टाकते, हे सुखाचं लक्षण. धास्तावलेलं जनावर बूड टेकत नाही. हे मला शिकवलं कोणी? तुम्हीच ना? साज उतरला की पाखरी धुळीत लोळायची, या कुशीवरून त्या कुशीवर, चारही पाय वर. तुम्ही म्हणायचात, “जोवर पुरी उलथस, तोवर तिले जगनं गोड लागस.” भट्टीवर तिच्या पाठीवरचं ओझं उतरवलं तेव्हा मी तेवढ्याचीच वाट पाहिली. तिनं गुडघे थोडे वाकवले, आणि तशीच उभी राहिली. कडब्याचे ओले गोळे करून तोंडातून टाकत होती. दाढा झिजल्या तिच्या. चारा पोटात जातो कुठं?

चारा महागला, ‘वना, मला झेपत नाही’ म्हणाला असतात, तर मी काय तुमचा गळा धरला असता? तुम्ही माझ्या तोंडून तिचं मरण मागून घेतलंत, आणि तिला विकलंत जिवंत.

या समारंभासाठी शिवलेला माझा कोट सध्या भट्टीवाल्याच्या अंगावर आहे, म्हणून मी सभेत असा नुसत्या सदऱ्यानं उभा आहे; क्षमा असावी. कोटाच्या बदल्यात घेतलेली पाखरी ताईबाईच्या गोठ्यात आहे. आता खरी अडचण सांगतो. ती जगवायची की सोडवायची, हे मला कळत नाही. भिजवलेला कोंडा गूळ घालून दिला तर खाते का, माश्या हाकते का, आपली आपण उठते का, हे पाहायला जाणती नजर लागते. आणि या तालुक्यात ती नजर एकाच माणसाला आहे. तो शाल पांघरून माझ्या समोर बसला आहे. दुसरा असता तर तुमच्या दारात आलो नसतो, नाना.

तेव्हा आबांना बरोबर घेऊन पिंप्राळ्याला जा. पाहा, आणि जे दिसेल ते आबांच्या समक्ष बोला. तिला लोळावंसं वाटलं तर राहू द्या. नाही, तर डॉक्टरला बोलवा आणि माझ्यासाठी खोळंबू नका.

सभेनं इतकं ऐकून घेतलं, उपकार झाले. सत्काराच्या दिवशी घरचं भांडण मांडलं, अधिक-उणं बोललो, पोटचं पोर समजून पदरात घ्या. संध्याकाळच्या गाडीनं मी निघतो. मनीऑर्डर यापुढे ताईबाईच्या नावानं येईल: कोंडा, गूळ आणि वेळ आलीच तर डॉक्टरची फी, मिळून दरमहा तीन रुपये.