नावं ठेवायचं काम

नाही नाही, त्या खुर्चीवर नको ताई, तिचा पाय डुगडुगतो — इथे पायरीवर बसा माझ्याशेजारी, इथून ते दिसतात. ते काय, कुंपणाच्या पलीकडे, टोपी घातलेले, हातात कोयता — ते आमचे हे. कागद ठेवा बाजूला, वाऱ्यानं उडतील. मुलानं फॉर्म भरला, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेनं तुम्हाला पाठवलं, मी सही केली की यांना आजच तिकडे न्यायचं म्हणता — तुमची काही चूक नाही, पण सांगूनच टाकते, गरज नाहीये. विसरतात, मान्य. मला विसरलेत, तेही मान्य. पण कुठे जात नाहीत हो. तीन आठवडे झाले, या कुंपणापासून दहा पावलं लांब गेलेले नाहीत. दिवसभर आपले विणत बसतात.

विणतातच ते, हसताय काय? बघा ना नीट. खुंट ठोकायचे हातभर अंतरावर, आणि ओले फोक — म्हणजे बारीक लवचिक फांद्या हो — एका खुंटाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून, पुन्हा पुढून. खिळा नाही, तार नाही. बेचाळीस वर्षं हेच केलं यांनी. हल्ली तयार जाळ्या मिळतात, कोण विणून घेतंय? पण त्या काळी मोठमोठ्या बंगल्यांच्या बागांना यांच्या हातचं कुंपण असायचं. आणि आमच्या बागेला? काही नाही! चार दगड आणि एक फाटक. यांना कधी म्हटलं, अहो आपल्याला पण एक करा, तर म्हणायचे, करू, घरचंच तर आहे. घरच्याला कसली घाई, नाही का?

मग दोन महिन्यांपूर्वी गेले निघून. बसस्टॉपवर सापडले, उजवा बूट डाव्या पायात. घरी चाललोय म्हणाले. घरातूनच गेले होते हो! नंतर दोनदा तसंच. माझ्या नाकी नऊ आले — आंघोळीला जायची सोय नाही, शेजारणीशी दोन शब्द बोलायची सोय नाही, कान सगळे फाटकाकडे. मुलगा फोनवर म्हणतो, आई, आता पुरे. त्याला काय जातंय पुरे म्हणायला — नाही, तसं नको म्हणायला, चांगला आहे तो, सूनही चांगली आहे, लांब राहतात एवढंच. तर मी म्हटलं, आपण कुंपणच घालू, छातीइतकं उंच. आणि विणणार कोण? हेच. त्यांच्याच हातानं त्यांना कोंडायचं — कोंडायचं नाही हो, सांभाळायचं. शब्द चुकला माझा.

आणि ताई, काय खुशीत कामाला लागले! हातांना सगळं आठवत होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उभे राहिले ते बाहेरच्या बाजूला. कारागीर नेहमी बाहेरूनच विणतो, म्हणजे फांद्यांची बोचरी टोकं बाहेर राहतात आणि गुळगुळीत बाजू मालकाकडे येते. मी म्हटलं, अहो, आपलंच घर, आत या, आतून विणा. तर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बाई, आम्ही मालकांच्या आवारात पाय ठेवत नाही.” बाई! शेहेचाळीस वर्षं संसार केला मी या माणसाबरोबर. मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले, घासलेलीच.

तिसऱ्या दिवशी हाक आली, “बाई, हात लावून बघा.” त्यांच्या धंद्याची रीतच आहे ती. कुंपण झालं की मालकानं धरून हलवून बघायचं, आणि पक्कं असलं तर म्हणायचं, काम पोचलं. तेवढं म्हटलं की कारागीर मोकळा. मला आपलं कौतुक — मी हलवलं, म्हटलं, काम पोचलं हो! त्यांनी कोयता पुसला, पिशवीत घातला, नमस्कार केला आणि चालायला लागले. घरी! मी आत, ते बाहेर, मध्ये हे छातीइतकं कुंपण. फाटकाकडून वळसा घालून मी पळत पोचेपर्यंत हे पार चौकात. ज्याला आत ठेवायचं त्यालाच बाहेर ठेवून मी कुंपण घातलं होतं — हसा, हसा, मीही हसले त्या दिवशी, चौकात, त्यांचा हात धरून.

त्यातूनच मला सुचलं. दुसऱ्या दिवशी हे बाहेर आले — रात्री हात धरून आणलं की येतात आत — तशी मी कुंपणाला हात लावला आणि म्हटलं, हे इथे ढिलं आहे. ढिलं कसलं, दगडासारखं घट्ट होतं. पण यांचा स्वभाव मला माहीत ना — लग्न नवं होतं तेव्हा एका मालकानं अशीच खोट काढली होती, तर हा माणूस जेवला नाही, पाणी प्यायला नाही, सगळं उसवून पुन्हा विणलं तेव्हाच घरी आला. काम अर्धं टाकून जायचा नाही तो. मग काय, रोज मी नावं ठेवते. इथे वाकडं, तिथे फट, हे परत करा. ते कान लाल होईपर्यंत ऐकून घेतात आणि म्हणतात, “माफ करा, बाई.” आणि उसवतात. आयुष्यभर यांच्या कामाला मी कधी नाव ठेवलं नाही, ताई. अभिमान होता मला. आणि आता सकाळी उठून आधी हेच शोधायचं, आज काय बोलायचं या माणसाला? जेवण जात नाही मला. पण राहतात ना! कुंपण पुरं होत नाही तोवर राहतात.

काल... काही नाही. काल काय व्हायचंय? तुम्ही लिहू नका हं हे. काल खरंच चुकलं त्यांचं. सलग दोन खुंटांच्या पुढूनच फोक घातला, मग तिसऱ्याच्याही. नवशिकासुद्धा करत नाही तसं. बघत राहिले त्याच्याकडे, हातात कोयता तसाच. आणि मला हाक मारली, हात लावून बघा. रोज खोटी खोट काढत होते ना मी — काल खरी होती, आणि काल माझ्याच्यानं बोलवेना. खोट काढली नाही म्हणजे काम पोचलं, असं धरून त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि गेले. हो, गेले. मघाशी म्हटलं ना दहा पावलं लांब गेले नाहीत, ते खोटं. आणि मी — मी उठले नाही, ताई. इथेच बसले होते, या पायरीवर. बघत होते त्यांना जाताना. म्हटलं, आता उठते, आता उठते. आणि किती शांत वाटलं म्हणून सांगू... डोळा लागला माझा. बसल्या बसल्या. पोस्टमन घेऊन आला त्यांना, अर्ध्या तासानं. मोठ्या रस्त्यावर होते म्हणाला, गाड्यांच्या मधोमध. मुलाला नका सांगू. सांगितलंत तरी — राहू दे. इतकी दमलेय मी. झोपेनं जाणारं दमणं नाही ते.

आले! आले हो! — बोलावतायत. चला, तुम्हीही चला. कागद घ्या बरोबर.

दाखवा, कुठून बघू? इथे धरते. — ताई, तुम्ही नका हात लावू, हलतंय ते, असू दे. — नाही हो, काही नाही म्हणाले मी. पक्कं आहे. चांगलं झालंय. इतकं सुंदर कुंपण या गल्लीत कुणाकडे नाही. वाकडं? कुठे वाकडं आहे? मी उगाच म्हणत होते रोज, माझीच नजर वाकडी. काम पोचलं. ऐकलंत का? काम पोचलं.

कोयता राहू दे माझ्याकडे, जपून ठेवते. या ताई तुमच्याच बाजूला चालल्यात, गाडी आहे त्यांची, सोडतील तुम्हाला. — कुठे करायची सही, ताई? इथे? — पुढच्या सीटवर बसा, मागे मळमळतं तुम्हाला. — मला कसं माहीत? असंच, अंदाजानं म्हटलं. काय म्हणता? बायको वाट बघत असेल? हो, असेल ना. बघतच असेल. निघा तुम्ही.