लोखंडाला मज्जाव

(प्रोफेसर लेबरेख्त डॉर्नबुश यांच्या परसातलं लाकडी सुईघर, म्हणजे चुंबकसुईची मापं घ्यायची खोली. दारात प्रोफेसर, त्यांचा शिष्य उलिख आणि प्रोफेसरांची थोरली बहीण टिली. सकाळची वेळ, बाहेर बर्फ.)

प्रोफेसर : मग पट्टा काढ.

उलिख : पट्टा फाटकापाशी परातीत ठेवलाय, सर. किल्ल्या, चाकू, घड्याळ, सगळं तिथंच. विजारीला ही सुतळी बांधलीय.

टिली : आणि ती कधीही सुटेल, म्हणून मी पाठ करून उभी आहे. लेबरेख्त, पुरे कर आता. कुडकुडतोय तो.

प्रोफेसर : बूट?

उलिख : हे लाकडी आहेत.

प्रोफेसर : टिली, तुझ्या केसांत काय आहे?

टिली : शिंगाच्या पिना. हे घर बांधल्यापासून शिंगाच्याच घालतेय, तुझ्यापायी.

प्रोफेसर : म्हणजे लोखंड याच्याच अंगावर आहे कुठंतरी. अरे, मी या घराला तांब्याचे खिळे मारून घेतले. शेगडी ठेवली नाही, का तर तिचं दार लोखंडी. नगराध्यक्षांच्या बायकोला उंबऱ्यावरून परत पाठवलं.

टिली : तिच्या चोळीत पोलादी पट्ट्या होत्या म्हणून. अजून चर्चमध्ये माझ्याकडं बघत नाही ती.

प्रोफेसर : न बघू दे. सुईला नगराध्यक्ष कळत नाहीत, लोखंड कळतं.

उलिख : सर, माझ्या अंगावर काही नाही. तरी तुमच्यात आणि माझ्यात अर्ध्या अंशाचा फरक येतोच. तुमची सुई पुढं, माझी मागं.

प्रोफेसर : म्हणजे तू रोज चुकतोस.

उलिख : माणूस चुकला की कधी इकडं चुकतो, कधी तिकडं. रोज एकाच बाजूला चुकत नाही. तुम्हीच शिकवलंत.

प्रोफेसर : माझ्यावर उलटवायला नव्हतं शिकवलं. हे बघ उलिख, दुपारच्या टपालगाडीनं माझं कोष्टक बर्लिनला छापायला जातंय. तारेतून वीज सोडली की शेजारची सुई किती वळते, हे इतक्या बारकाईनं आजवर कुणी मोजलेलं नाही. उद्या कुणी विजेचं यंत्र बांधायला बसला, तर माझाच आकडा घेऊन बसेल. त्यात तुझा अर्धा अंश मी घुसू देणार नाही.

उलिख : मग त्यावरचं माझं नाव काढा. माझा विश्वास नाही त्या आकड्यावर.

प्रोफेसर : काढतो की. आणि क्योनिग्सबर्ग विद्यापीठातल्या जागेसाठी शिफारसही विसर. ज्याला सुई वाचता येत नाही, त्याला मी कुणाच्या गळ्यात बांधू?

टिली : वाचता येत नाही? नाताळात तूच म्हणालास, अशी नजर अख्ख्या विद्यापीठात कुणाची नाही.

प्रोफेसर : बदक छान झालं होतं. बोललो असेन.

उलिख : सर, एकदाच माझं ऐका. बॅटरी न जोडता बघू या. नुसती सुई.

प्रोफेसर : बिनविजेची सुई काय बघायची? ती आपल्या रेघेवर असते. मी आधी बाहेर वीज जोडतो, मग आत येऊन स्टुलावर बसतो. रिकाम्या सुईपुढं बसायला मला वेळ नाही.

उलिख : म्हणून तर म्हणतो. आधी मी बसेन, मग तुम्ही. बाईसाहेब इथं दारातून नव्या दुर्बिणीनं बघतील. दुर्बीण पितळी आहे.

प्रोफेसर : बघू दे. म्हणजे तुझी खात्री पटेल. बस.

उलिख : बसलो, बाईसाहेब.

टिली : सुई रेघेवर आहे. जराही हललेली नाही.

प्रोफेसर : ऊठ. सरक. आता मी बसलो. सांग.

टिली : चालली.

प्रोफेसर : काय चालली?

टिली : सुई. तू बसलास आणि ती रेघ सोडून निघाली. हां, थांबली आता. उलिख, तूच बघ.

उलिख : अर्धा अंश.

प्रोफेसर : चष्मा असेल. हा घे.

उलिख : चांदीचा आहे हा.

प्रोफेसर : मग बटणं.

टिली : तुझी बटणं मी लावलीत. हाडाची आहेत.

प्रोफेसर : कोट धर. ही विजारही घे. टिली, तोंड फिरव.

टिली : तोंड फिरवलं तर सुई कोण बघेल? लहानपणी मीच आंघोळ घालायचे तुला. बस गप.

प्रोफेसर : आता नुसता सदरा उरलाय. आता?

टिली : तिथंच आहे, लेबरेख्त.

उलिख : सर, जरा वळून बसता? उजवी बाजू सुईच्या पेटीकडं.

टिली : आली परत. रेघेवर आली.

उलिख : आता पूर्वीसारखं, डावी बाजू.

टिली : गेली.

उलिख : डाव्या अंगाला काय आहे, सर?

प्रोफेसर : लाइपझिग.

उलिख : काय?

प्रोफेसर : लाइपझिगची लढाई. तोफेचा गोळा फुटला, त्याची कपची कमरेत घुसली. पलटणीच्या डॉक्टरनं काढली, बशीत टाकून दाखवली. म्हणाला, सगळी निघाली.

टिली : आणि तू दर हिवाळ्यात सांगत होतास, आत काहीतरी टोचतंय. मी काय म्हणायचे? लाकडं फोडायची वेळ आली की बरी तुझी कंबर धरते. पाहुण्यांसमोर म्हणायचे. लेबरेख्त, मी तुला खोटा पाडत राहिले रे. फार वाईट वाटतंय मला.

प्रोफेसर : तू एकटी कुठं? डॉक्टरांनी चाचपून चाचपून वातच ठरवला. या सुईला मात्र एका बैठकीत कळलं. काय सुई बनवलीय मी, बघ.

टिली : तुला अभिमान वाटतोय?

प्रोफेसर : मग काय, नुसत्या सदऱ्यावर बसून रडू? उलिख, तुझी सगळी मापं कुठं आहेत?

उलिख : माझ्या खोलीवर. पण सर, तुमची मापंही वाचतील. अर्धा अंश वजा केला की झालं.

प्रोफेसर : नाही. तू आल्यावर हे स्टूल जमिनीला पक्कं केलं. त्याआधी मी कधी जवळ सरकायचो, कधी लांब. काय वजा करणार? तुझी मापं पाठव. आकडे तुझे जाऊ देत, त्यावर तुझं नाव आधी, माझं नंतर. विजेनं सुई कशी वळते, हा नियम माझाच आहे, तो काही अर्ध्या अंशानं हलत नाही. आणि शिफारस टपालगाडीच्या आत लिहून देतो.

टिली : आधी विजार घाल.

उलिख : सर, मी क्योनिग्सबर्गला गेलो तर इथं सुई कोण वाचणार?

प्रोफेसर : टिली वाचेल. शिंगाच्या पिना आहेतच तिच्याकडं. आत्ताच चांगली वाचली तिनं.

टिली : मी? आणि तू काय करणार?

प्रोफेसर : सांगेन काय करायचं ते. चला, उशीर होतोय. आजचं माप घ्यायचंय. उलिख, बस. मी बाहेर जातो.

उलिख : बाहेर बर्फ आहे, सर. तुम्ही त्या कोपऱ्यात बसा. एवढ्या लांबून काही होणार नाही.

प्रोफेसर : नगराध्यक्षांच्या बायकोला जो नियम, तोच मला. लोखंड आत नाही.

टिली : माझी शाल घे. फाटकापाशी बाक आहे.

प्रोफेसर : परातीशेजारचा ना? बरोबर, किल्ल्या-चाकूंच्या शेजारीच बसायला हवं मला. वीज मी तिथून जोडतो. दार ओढून घे, उलिख. आणि सुई काय म्हणते ते जरा मोठ्यानं सांग.