नेमबाजाची बायको

लष्करी दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे एका नेमबाज शिपायाची बायको उभी होती, कडेवर लेक घेऊन. तिला शोधत पलटणीचे साहेबच आले.

"ताई, परवा पलटण पुन्हा सीमेवर निघणार आणि तुमच्या नवऱ्याचा नेम चुकतोय. धड जेवतही नाही. अबोला धरलाय का तुम्ही?"

"धरणारच! लेक चालायला लागली, तरी बापाचा पाय घरात नाही."

"सुट्टी मीच नाकारली, ताई. तिकडे सीमेवर तणाव होता, आणि त्याच्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही."

"तो तर म्हणाला, मीच मागितली नाही."

"असं म्हणाला?"

"तुम्हाला बोल लागू नये म्हणून! खुळाच आहे मेला."

"आत्ताच घरी पाठवतो त्याला, परवा निघेपर्यंत."

"मग आता अबोला तुमच्याशी, साहेब. आणि त्याला म्हणावं, तिथे जेवून येऊ नकोस."